घरचं गॅरेज (भाग 6): गाडी उचलायची की शॉकअप बदलायचे?

बालाघाटहून बैहरला जाणारा रस्ता घाटातला. वाटेत उकव्याची मँगनीजची खाण, पुढे मलाजखंडची तांब्याची. त्यामुळे अवजड वाहनांची वर्दळ ठरलेलीच. पावसाळ्यात खड्डे पडले की छोट्या गाड्यांची पोटं घासू लागतात. चेंबरच्या काळजीने मालकाला पहिला उपाय सुचतो तो गाडी उचलण्याचा. त्यासाठी बाजारात रबरी बफर मिळतात. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये ते दाबून बसवायचे. स्प्रिंग उतरवावीही लागत नाही. काम झटपट, खर्च कमी. तरीही या बफरला माझा विरोध आहे, आणि तो का हे आधी सांगतो.

समजा स्प्रिंगचे सहा वेढे काम करताहेत. बफर त्यातला एक जवळजवळ जखडून टाकतो, उरले पाच. तार तीच, वेढे कमी, म्हणजे स्प्रिंग सुमारे 20 टक्के कडक झाली. गाडी वर आली ती म्हणूनच. पण स्प्रिंग फक्त वजन पेलते. खड्ड्यात दबली की ती उसळणारच, आणि ती उसळी आवरतो शॉकअप. त्याच्या नळीतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन जिरते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो त्यामुळे. ही छिद्रं कारखान्यात मूळ स्प्रिंगच्या हिशेबाने ठरवलेली असतात. स्प्रिंग कडक आणि शॉकअप जुनाच, असं झालं तर उसळी नीट शमत नाही. उंची मिळते, पण चाकाची रस्त्यावरची पकड ढिली होते. ओल्या घाटवळणावर हा सौदा महागात पडतो.

म्हणून आधी शॉकअप बघा. नळीवर तेल ओघळलेलं असेल, किंवा बॉनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी डोलतच राहत असेल, तर बदलायचा तोच; स्प्रिंग बसलेली असेल तर तीही. शॉकअप घेताना गॅसवाला घ्यावा. सलग खड्ड्यांत साध्या शॉकअपमधलं तेल फेसाळतं आणि फेसात दम नसतो. नायट्रोजनचा दाब तो फेस धरू देत नाही. 1961 पासून देशात शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएलसारख्या कंपन्यांकडे हा प्रकार मिळतो. बदल मात्र जोडीनेच करायचा, एकाच बाजूला नाही.

आता हत्यारं. स्विफ्टसारख्या गाडीच्या पुढे अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल करा, मग उचला आणि स्टँडवर टेकवा. विटांवर नाही, नुसत्या जॅकवर तर नाहीच. नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, स्ट्रट धरणाऱ्या दोन बोल्टांभोवती रंगाने खूण करून ठेवा. त्या भोकांतल्या फटीवरच चाकाचा कल ठरतो. स्ट्रट सुटल्यावर नकल ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा.

खरी भीती आहे ती वरच्या मधल्या नटाची. अडीचशे किलोंच्या आसपास भार पेलणारी स्प्रिंग त्याखाली दाबलेली असते. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावून ती मोकळी झाल्याची खात्री होण्याआधी तो नट सोडला, तर ती बंदुकीसारखी सुटते. कॉम्प्रेसर चांगला नसेल तर सुटा केलेला स्ट्रट पिशवीत घालून सरळ गॅरेजात न्यावा आणि तेवढंच काम करून आणावं. यात कमीपणा कसला? नवा शॉकअप बसवताना दांडा पकडीने धरू नका. त्याच्या चकचकीत पृष्ठभागावर ओरखडा उठला की तो सील कापतो आणि तेल गळायला लागतं.

मागच्या बाजूला वेगळी गंमत आहे. शॉकअपच्या खालच्या डोळ्यात रबरी बुश असतो. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी जागेवर घट्ट होते आणि चाक हललं की रबर पिळलं जातं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट पक्का आवळला, तर गाडी खाली टेकताच ते रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वेळेआधी फाटतं. मग नवे शॉकअप चार महिन्यांत खडखडले की दोष कंपनीला. बोल्ट नुसता बसवून घ्या, गाडी चाकांवर उभी करा, मगच आवळा. बोलेरोच्या मागच्या पाट्यांचे डोळे आणि शॅकल यांनाही हाच नियम लागू. पाटे उतरवलेच, तर यू-बोल्ट नवेच घाला. एकदा ताणलेल्यांवर भरवसा नको.

कायद्याचंही एक सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल चालत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. मूळ मापाचा शॉकअप बदलणं म्हणजे दुरुस्ती. चार इंच उचलणारं किट ही वेगळी गोष्ट.

काम झाल्यावर शंभरेक किलोमीटर गाडी चालवून सगळे बोल्ट पुन्हा तपासा. अलाइनमेंट मात्र त्याच्याही आधी, पहिल्या दिवशीच. केंद्रावरच्या कागदावर टो आणि कॅम्बरचे जे आकडे येतात ते कसे वाचायचे, ते पुढच्या आठवड्यात.