कोकणच्या गाळाला कोकणचीच मोजपट्टी

कोकणातल्या एखाद्या खाडीच्या गाळाचे विश्लेषण हाती आले की लोह, तांबे, निकेल यांचे चढे आकडे पाहून खाडी प्रदूषित ठरवण्याची घाई होते. गाळ ज्या खडकातून आला त्याची चौकशी आधी व्हायला हवी, आणि ती झाल्यावरच माणसाच्या वाट्याचे माप त्याच्या पदरात टाकता येते, असे माझे ठाम मत आहे. उल्हास, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांचा गाळ दख्खनच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून येतो. उष्ण, धुवाधार पावसाच्या हवामानात हा खडक झपाट्याने कुजतो. सोडियम, कॅल्शियम विरघळून वाहून जातात. लोह, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम मागे राहतात. पाण्याचा निचरा कमी असेल तिथे स्मेक्टाइट ही फुगणारी चिकणमाती तयार होते, तर निचरा भरपूर असलेल्या उतारांवर केओलिनाइट आणि शेवटी जांभा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतले इल्मेनाइट हे याच बेसाल्टचे देणे. दक्षिणेकडे गोव्यात खडक बदलतो. तिथे नाइस, शिस्ट आणि लोहखनिजाचे पट्टे आहेत, म्हणून मांडवी-जुवारीच्या गाळाची घडणही निराळी.

आता मोजपट्टीकडे पाहू. टुरेकियन आणि वेडेपोल यांनी 1961 साली दिलेली शेल खडकाची जागतिक सरासरी आजही सर्रास आधार म्हणून घेतली जाते. तीत तांबे दशलक्ष भागांत 45 आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मात्र ते अनेक ठिकाणी 150 ते 250 असते. म्युलर यांच्या 1969 च्या भूसंचय निर्देशांकात नैसर्गिक फरकासाठी दीडपट सूट दिलेली आहे. तरीही 150 तांबे असलेल्या नमुन्याचा निर्देशांक 1.15 येतो आणि त्याला ‘मध्यम प्रदूषित’ हा शिक्का बसतो. म्हणजे कारखान्याचे तोंडही न पाहिलेला सह्याद्रीचा कातळ कुटून त्याची पूड तपासली, तरी ती दोषी ठरेल. गाळाच्या कणांचा आकारही असाच फसवतो. बारीक चिकणमाती धातू धरून ठेवते, वाळू धरत नाही. त्यामुळे ॲल्युमिनियमशी गुणोत्तर न काढता दोन खाड्यांची तुलना करणे निरर्थक आहे.

‘सगळे खडकातूनच आले’ अशी पळवाट यातून कारखान्यांना मिळेल, ही शंका रास्त आहे. पण स्थानिक मोजपट्टीने खरा दोषी उलट अधिक स्पष्ट दिसतो. बेसाल्टमध्ये पारा अत्यल्प असतो; म्हणूनच उल्हास आणि ठाणे खाडीच्या गाळात आढळलेल्या पाऱ्याची जबाबदारी खडकावर ढकलता येत नाही. शिवाय एकूण आकड्याइतकेच धातूचे रूप महत्त्वाचे. स्फटिकाच्या जाळीत अडकलेले तांबे जीवांना सहसा मिळत नाही. कणांच्या पृष्ठभागाला सैल चिकटलेले मिळते. टेसियर आणि सहकाऱ्यांनी 1979 साली मांडलेली टप्प्याटप्प्याने धातू विलग करण्याची पद्धत हा फरक दाखवण्यासाठीच आहे. खारफुटीच्या प्राणवायूहीन चिखलात सल्फाइडने बांधून ठेवलेला धातू खाडी उपसताच मोकळा होऊ शकतो, हेही त्यातूनच उमगते.

दुसरा आक्षेप गोव्याचा आहे, आणि तो अधिक अवघड आहे. तिथे खडकच लोहाचा, मग खाणीची धूळ वेगळी ओळखायची कशी? द्रव्य नैसर्गिक असले म्हणून त्याचे प्रमाणही नैसर्गिक ठरत नाही. गाळाचे उभे नमुने घेऊन शिसे-210 ने थरांचे वय काढले आणि हेमॅटाइट, मॅग्नेटाइटची चुंबकीय खूण तपासली, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले खाणकाम आणि त्याआधीचा काळ यांची तुलना करता येते. 2012 साली खाणकाम काही काळ थांबले, त्यामुळे त्या काळातले थरही तुलनेला उपलब्ध आहेत.

म्हणून प्रत्येक नदीच्या खोऱ्यातला खडक, जांभा आणि उद्योगपूर्व काळातला खोल गाळ तपासून आधाररेषा तयार झाली पाहिजे, आणि ती सार्वजनिक असली पाहिजे. जगाशी तुलना त्यानंतरही करता येईल. पण जागतिक सरासरीवर उभा केलेला आरोप वकिलाच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळतो, आणि त्याची किंमत खाडीवर पोट असलेले मच्छीमार मोजतात. आरोप टिकायचा असेल, तर त्याचा पाया इथल्याच खडकावर हवा.