रेक्टर आले का रे?

रात्री टीव्ही रूममध्ये मॅच बघायची तर कोणीतरी जिन्यात उभं राहतं. "रेक्टर आले!" अशी हाक आली की सगळे पसार. पण चांगली खुर्ची मिळावी म्हणून एखादा रोज खोटीच हाक मारायला लागला तर? कॉग्निटिव्ह रेडिओचा प्रॉब्लेम हाच आहे.

ही कल्पना जोसेफ मिटोला यांनी १९९९ मध्ये मांडली. फ्रिक्वेन्सीचे पट्टे लायसन्सवाल्यांच्या नावावर असतात, पण पुष्कळदा रिकामेच पडून राहतात. रिझर्वेशनच्या डब्यातली रिकामी सीट आठवा. मालक नसेल तेव्हा बसायचं, तो आला की निमूट उठायचं. अमेरिकेत एफसीसीने नोव्हेंबर २००८ मध्ये टीव्हीची मोकळी चॅनल्स अशा वापरासाठी खुली केली.

पण चॅनल मोकळं आहे हे कळणार कसं? आपला रेडिओ बिल्डिंगच्या आड असला तर त्याला टीव्हीचा सिग्नल ऐकूच येत नाही, आणि तो खुशाल ट्रान्समिट करून कुणाचा तरी टीव्ही बिघडवतो. म्हणून शेजाऱ्यांनाही विचारायचं. समजा पाच रेडिओ आहेत आणि प्रत्येकाकडून खोटा गजर होण्याची शक्यता १० टक्के. 'एकानेही आले म्हटलं की उठायचं' असा नियम केला तर ४१ टक्के वेळा उगाच उठावं लागेल! (१ मधून ०.९ चा पाचवा घात वजा करा.) त्यात एक लबाड असला की बाकीचे कायमचे बाहेर. पाचांत तिघांचं ऐकलं तर तेच प्रमाण एक टक्क्याच्या खाली येतं.

मग लबाड ओळखायला मार्क द्यायचे. ज्याचं उत्तर बहुमताशी जुळत नाही, त्याचे मार्क कापा. इथे मी दोन दिवस अडकलो. चार रेडिओ एकाच टेकडीआड आणि पाचवा गच्चीवर असला तर? चौघे म्हणणार "कोणी नाही", गच्चीवरचा खरं सांगणार, आणि मार्क कापले जाणार त्याचेच! बहुमताचं गणित प्रत्येकाची चूक स्वतंत्र असेल तरच चालतं. म्हणून कोण कुठे बसलाय तेही बघायला हवं, आणि एकाच आडोशातल्या चौघांचं मत एकच धरायला हवं. पण ही सगळी विचारपूस चालू असताना डेटा जात नाही, म्हणजे स्पीड गेला.

एफसीसीने २०१० मध्ये वेगळी वाट धरली. रेडिओने आपलं ठिकाण सांगून डेटाबेसला विचारायचं. असं करणाऱ्यांवरची स्वतः सिग्नल शोधण्याची सक्ती काढली. जिन्यातल्या पोराऐवजी रेक्टरांचं टाइमटेबलच म्हणा ना! पुढे २०१५ मध्ये तिथल्या ब्रॉडकास्टर्सच्या संघटनेने तक्रार केली, की डेटाबेसमध्ये कित्येक रेडिओंची ठिकाणंच चुकीची भरली आहेत.