आपोआप बरं झालेलं दुखणं

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई इथून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या पाच-सहा महिन्यांनीच परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा हिशेबात दुखणं अंगावरच काढलं जातं. मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला एमएस, हा अंगावर काढला तर सुरुवातीला बरा झाल्यासारखा वाटणारा आजार आहे. रुग्ण, घरचे आणि पुष्कळदा डॉक्टरही फसतात ते इथेच.

मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि डोळ्यामागची नस यांतल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती या आवरणावर उलटते. जिथे सूज येते तिथून संदेश नीट जात नाहीत. मग त्या जागेचं जे काम असेल ते बिघडतं. नजर, हातापायांची संवेदना, तोल, लघवीवरचा ताबा, काहीही. काही आठवड्यांनी सूज ओसरते, आवरण थोडंफार भरून येतं आणि काम बरंचसं पूर्ववत चालू होतं. पण व्रण मागे राहतो. असे व्रण साठत जातात आणि काही वर्षांनी पाय ओढत चालणं, काठी, चाकांची खुर्ची हा क्रम अनेकांच्या वाट्याला येतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. साधारण विसाव्या ते चाळिसाव्या वर्षी तो सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटीहून अधिक आढळतो.

शार्कोंच्याही आधी एका रुग्णाने हा आजार स्वतःच्या रोजनिशीत टिपून ठेवला होता. ऑगस्टस देस्ते हा इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू. 1822 च्या डिसेंबरात तो एका नातलगवजा माणसाला भेटायला स्कॉटलंडला गेला, तर तो माणूस नुकताच वारलेला. अंत्यविधीनंतर याची नजर इतकी अंधूक झाली की पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. काहीही उपचार न करता डोळे बरे झाले. पाच वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये एकाची दोन दिसू लागली, मग पायांतलं बळ गेलं, तेही काही अंशी परत आलं. पुढची वीस वर्षं तो लिहीत राहिला. 1848 मध्ये तो वारला तेव्हा आजाराला नाव नव्हतं. शंभरेक वर्षांनी रोजनिशी उजेडात आली आणि वाचणाऱ्या डॉक्टरांना निदान करायला अडचण पडली नाही. सगळे झटके, तारखांसकट, एकाच वहीत होते.

आपल्याकडे नेमकी तीच वही नसते. समजा, चोवीस वर्षांची एक बाई आहे. माहेर केजचं, सासर धारूरचं. एका हंगामात कारखान्यावर असताना तिला उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. तिथल्या डॉक्टरने थेंब दिले, तीन आठवड्यांत दिसू लागलं, श्रेय थेंबांना गेलं. पुढच्या वर्षी बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी बेंबीपासून खालचं अंग बधिर झालं. सासू म्हणाली बाळंतवारा. शेकशेगडी केली, महिन्याभरात उतरलं, श्रेय शेगडीला गेलं. तिसऱ्या वर्षी लघवीची घाई सुरू झाली, मोळी उचलताना कपडे ओले होऊ लागले. ही तक्रार ‘पिशवी’च्या खात्यात टाकली जाते. या जिल्ह्यात ती वाट कुठे जाते हे सगळ्यांना माहीत आहे: 2019 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीची आकडेवारी आली, त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. त्यांपैकी कुणाला एमएस होता असं मी म्हणत नाही. पण जिथे बाईच्या प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर तयार असतं, तिथे मज्जारज्जूचा विचार कोण करणार?

वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी झालेली इजा, हाच एमएसच्या निदानाचा गाभा. 2001 पासून वापरात असलेले आणि अनेकदा सुधारलेले मॅक्डॉनल्ड निकषही याच पायावर उभे आहेत. एमआरआय हे दाखवतो, कधी पाठीतलं पाणी तपासावं लागतं. पण एमआरआय काढायची वेळ आली आहे हे सुचवतो तो रुग्णाचा इतिहास. वरच्या बाईचा इतिहास मात्र तीन गावांत, तीन माणसांकडे तुकड्यातुकड्यांनी पडून आहे.

म्हणून लक्षणांची यादी पाठ करण्यापेक्षा त्यांची चाल ओळखणं मला महत्त्वाचं वाटतं. एमएसचा झटका क्षणात येत नाही. तो काही तासांत, बहुधा काही दिवसांत वाढतो, किमान चोवीस तास टिकतो आणि आठवड्यांनी ओसरतो. क्षणार्धात तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, म्हणजे लोक म्हणतात तसं ‘अंगावरून वारं गेलं’, तर तो लकव्याचा प्रकार समजून त्याच घटकेला रुग्णालय गाठायचं. वाट पाहायची नाही.

डोळ्याचं लक्षण जरा जवळून पाहू. नजर सहसा एकाच डोळ्याची जाते आणि तो डोळा फिरवला की मागच्या बाजूला दुखतं. एक डोळा झाकून करंड्यातलं कुंकू पाहावं, मग दुसरा झाकून पाहावं. बाधित डोळ्याला तेच कुंकू विटलेलं, फिकट दिसतं. डॉक्टरने बुबुळ तपासलं तर बाहेरून सगळं ठीक असतं, कारण सूज मागच्या नसेत असते. अशा वेळी साधी बॅटरी पुरते: उजेड चांगल्या डोळ्यावरून बाधित डोळ्यावर नेला की बाहुली आकसण्याऐवजी मोठी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे करता येतं.

मज्जारज्जूची लक्षणं रुग्ण आपल्या भाषेत फार अचूक सांगतात, ऐकणारा हवा. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. आंघोळीचं पाणी एका पायाला गरम लागतं, दुसऱ्याला नाही. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखा वाटतो. मान खाली घातली की पाठीतून करंट जातो. याला लेर्मिटचं लक्षण म्हणतात. आणि थकवा, झोप घेऊनही न जाणारा. तो दिसत नाही, म्हणून सासरी त्याला ढोंग म्हणतात.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट कळीची आहे, ती म्हणजे ऊन. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 मध्ये नोंदवलं की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते. पुढे कळलं की कारण अंगातली वाढलेली उष्णता. एमआरआय नव्हता तेव्हा संशयित रुग्णाला गरम पाण्यात बसवून निदान करत. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी पाय जड होणं आणि संध्याकाळी सावरणं हा याच उष्णतेचा परिणाम असू शकतो. त्यात नवी इजा होत नाही. तापानेही असंच होतं, त्यामुळे झटका म्हणण्याआधी ताप आणि लघवीचा संसर्ग तपासतात.

अर्थात मुंग्या आल्या की एमएस, असं मुळीच नाही. दोन्ही तळव्यांना मुंग्या येत असतील तर आधी साखर बघावी. बी-12 ची कमतरता मज्जारज्जूला इजा करते, करंटही जाणवतो, आणि ती इंजेक्शनने भरून निघते. चट्टा आणि बधिरपणा असेल तर कुष्ठरोग, पाठदुखी आणि हळूहळू लुळे पडणारे पाय असतील तर मणक्याचा क्षय. हे सगळे एमएसपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. आणि एमएसचा जुळा भाऊ वाटावा असा एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हा आजार आहे. त्यात दोन्ही पाय जातात, कधी दोन्ही डोळे, कधी दिवसेंदिवस न थांबणारी उचकी आणि उलटी. त्याची ओळख पटवणारी प्रतिपिंडाची रक्तचाचणी 2004 च्या शोधामुळे शक्य झाली. ती टाळू नये, कारण एमएसची काही औषधं एनएमओ बिघडवतात.

झटक्यात सलाईनमधून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड तीन ते पाच दिवस देतात. डोळ्याच्या नसेच्या सुजेवर नुसत्या कमी मात्रेच्या गोळ्या दिल्या तर दुखणं उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसलं. दुकानातून गोळ्या घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. स्टेरॉइड झटका आटोक्यात आणतं, पुढचे झटके रोखत नाही. ते रोखणारी औषधं 1993 पासून, इंटरफेरॉनपासून, उपलब्ध होत गेली आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी इजा कमी. आजार मुळातून जात नाही, पण निदानाला पाच वर्षं लागणं आणि पाच महिने लागणं यात पुढच्या आयुष्यातल्या चालण्या-फिरण्याचा फरक आहे.

हा आजार गोऱ्या लोकांचा, असं भारतात पुष्कळ काळ मानलं गेलं. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी 1990 मध्ये पारशी समाजातलं त्याचं प्रमाण मांडलं. एमआरआय आल्यावर इतर समाजांतही तो दिसू लागला. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 मध्ये मुंबईत स्थापन झाली. हा आजार संसर्गजन्य नाही, करणीचा नाही. एपस्टाइन-बार या अगदी सर्रास आढळणाऱ्या विषाणूशी त्याचा घट्ट संबंध 2022 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या प्रचंड नोंदींवरून दिसला. पण तो विषाणू जवळपास सगळ्यांनाच होऊन जातो आणि एमएस फार थोड्यांना. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत झटके वाढतात, म्हणून ‘बाळंतवारा’ म्हणण्याआधी मागे असं काही झालं होतं का, हे विचारायला हवं.

बीडच्या रुग्णाला आधी गाठता येतं ते अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. जाताना शंभर पानी वही न्यावी: काय झालं, कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूला, किती दिवस टिकलं, कशाने उतरलं. आपोआप बरं झालेलं दुखणं त्यात सर्वांत आधी लिहावं, कारण डॉक्टर विचारत नाहीत तोवर नेमकं तेच सांगायचं राहतं.

दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव आहे. 1995 च्या कायद्यातल्या सात प्रकारांत ते नव्हतं. बहुतेक सवलतींसाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. थंड सकाळी, दोन झटक्यांच्या मधल्या चांगल्या दिवशी तपासलं तर हा रुग्ण धडधाकट दिसतो. म्हणून एमआरआय, डिस्चार्ज कार्डं आणि ती वही प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे ठेवावी, आणि निर्णय पटला नाही तर त्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क त्याच कायद्याने दिलेला आहे.