अकरा स्टाईल आणि एक प्लस

गेल्या दिवाळीत दोन अंक पाठोपाठ वाचले. दोन्हींत चांगले लेखक, कागदही जवळपास सारखाच. तरी एक वाचताना मी पानोपानी अडखळत होतो आणि दुसरा एका दमात संपला. पुन्हा पानं चाळली तेव्हा कारण दिसलं. पहिल्या अंकात उपमथळा एका लेखात ठळक, दुसऱ्यात तिरपा, तिसऱ्यात मजकुराएवढाच. कवितेच्या दोन कडव्यांमधली जागा पानागणिक वेगळी. एका लेखाच्या ओळी इतक्या दाटीत बसवलेल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकत होते. दुसऱ्या अंकात असं काही नव्हतं. सव्वादोनशेच्या आसपास पानं, आणि सगळी एकाच हातची वाटत होती. हा हात कोणाचा, हे मला बघायचं होतं. संपादकांनी पत्ता दिला आणि पावसाळ्यात, पुढच्या अंकाचं काम उभं राहिल्यावर, मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या त्या खोलीत जाऊन बसलो.

खोलीत दोन संगणक, एक लेझर प्रिंटर, प्रुफांचे गठ्ठे आणि तापलेल्या टोनरचा वास. अंकाची पानं लावणाऱ्या ताई खिडकीकडच्या संगणकावर बसतात. त्यांच्या लॅपटॉपला आकड्यांचा एक सुटा पॅड जोडलेला आहे. इनडिझाईन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाईलसाठी शॉर्टकट नेमायचा तर तो याच आकड्यांवर नेमावा लागतो, आणि त्यांच्या लॅपटॉपवर तो भाग नाही. पॅडवरचे काही आकडे वापरून पुसले गेले आहेत. ताई तिकडे न बघता बोटं ठेवतात.

“सबंध अंकाला अकरा पुरतात,” त्या म्हणाल्या. अकरा स्टाईल. मजकूर, मजकुराचा पहिला परिच्छेद, मथळा, लेखकाचं नाव, उपमथळा, कविता, फोटोओळ अशी त्यांची साधी नावं. प्रत्येक नावामागे टाइप कोणता, आकार किती, ओळींतलं अंतर किती, वर-खाली मोकळी जागा किती, हे एकदाच ठरवून ठेवलेलं असतं. परिच्छेदावर कर्सर ठेवायचा, नेमलेला शॉर्टकट दाबायचा, की तो परिच्छेद तसा दिसू लागतो. काम म्हणून एवढंच. पण आकडा दाबण्याआधी ताई दर वेळी क्षणभर थांबायच्या आणि पुटपुटायच्या, “हे काय आहे?” तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

लेखकांकडून येणारी वर्डची फाइल त्या प्रश्नाला क्वचितच उत्तर देते. मथळा मधोमध यावा म्हणून स्पेसबार दाबत नेलेला असतो. परिच्छेदांत अंतर हवं म्हणून दोनदा एंटर. मधेच एक अख्खं वाक्य ठळक. हा उपमथळा की लेखकाने दिलेला भर? ताई अंदाजाने ठरवत नाहीत, संपादकांना विचारतात. कुणाचा मजकूर अजून श्री-लिपीच्या जुन्या टाइपमध्ये असतो. तो युनिकोडमध्ये आणताना ‘तऱ्हा’, ‘वऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतला ऱ्य-ऱ्ह हमखास बिघडतो, म्हणून त्यांच्याकडे अशा शब्दांची एक यादी आहे आणि प्रत्येक लेखावर ती फिरवल्याशिवाय पान लागत नाही.

एके दुपारी एका ज्येष्ठ कवींची कविता आली, व्हॉट्सॲपवर. सगळ्या ओळी सलग. ताईंच्या कवितेच्या स्टाईलमध्ये कडव्यानंतर मोकळी जागा आपोआप पडते, पण त्यासाठी कडवं कुठे संपतं ते माहीत हवं. कडव्याच्या आतली ओळ शिफ्ट-एंटरने तोडायची आणि कडवं संपलं की साधा एंटर, अशी त्यांची शिस्त. त्यांनी फोन लावला. “सर, कडवी कुठे कुठे संपतात तेवढं सांगता?” पलीकडून कवींनी कविताच म्हणायला सुरुवात केली. ते जिथे थांबत तिथे ताई एंटर मारत. एका ठिकाणी त्या घुटमळल्या. “इथे कडवं संपलं, की नुसता श्वास घेतलात?” पलीकडे हसण्याचा आवाज आला. श्वास होता. ताईंनी एंटर काढून शिफ्ट-एंटर केला. ज्याला आपण ‘डीटीपी’ म्हणून बाजूला ठेवतो त्या कामात कवितेचं असं वाचन चाललेलं मी प्रत्यक्ष पाहिलं.

ताईंचे सासरे छापखान्यात खिळे जुळवायचे. मराठी केसमध्ये अखंड अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा मिळून शेकडो खिळे. एवढं शिसं पाळणं महाग, म्हणून लहान छापखान्यात मजकुराचा एक टाइप आणि मथळ्यांचे दोन-तीन, बस्स. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला, त्यानंतर कित्येक दशकं आपले अंक खिळ्यांवरच छापले गेले. त्या पानांचा एकसारखेपणा बराचसा या टंचाईतून आलेला होता, कारण मनात येईल तो आकार केसमध्ये नसायचाच. मग १९८५ साली पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीने पेजमेकर आणलं, आणि पुढे ते आपल्याकडच्या गल्लीगल्लीतल्या डीटीपी सेंटरमध्ये पोचलं. अक्षर दशांश पॉइंटाने कमी-जास्त करता येऊ लागलं, हवं तसं ताणता, दाबता येऊ लागलं. जे जमतं ते करून बघण्याचा मोह अनावर होता, आणि त्या काळातल्या कितीतरी अंकांवर त्याच्या खुणा आहेत. शिशाने घालून दिलेली मर्यादा गेली आणि तिच्या जागी स्वतःहून मर्यादा घालून घेणं आलं. ताईंच्या अकरा स्टाईल म्हणजे ती मर्यादा.

मराठीत स्टाईलचं काम निव्वळ देखणेपणाचं नाही, शुद्धतेचंही आहे, हे मला तिथे कळलं. इनडिझाईन १९९९ साली आलं, पण देवनागरी नीट जुळवणारा ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर त्यात खऱ्या अर्थाने २०१२च्या सीएस-सिक्सपासून हाताशी आला. परिच्छेदाला हा कंपोझर लावला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरं सुटून पाय मोडलेल्या अक्षरांची रांग उभी राहते. ताईंनी एक ओळ निवडली, कंपोझर बदलला, आणि ‘परिस्थिती’ या शब्दाची माझ्या डोळ्यांदेखत मोडतोड झाली. परत स्टाईल लावली, शब्द जागेवर. भाषेचंही तसंच. स्टाईलमध्ये भाषा म्हणून मराठी नेमलेली असेल आणि टाइपमध्ये सोय असेल, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे. वाचकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. हे सगळं मूळ ‘मजकूर’ स्टाईलमध्ये एकदा भरलं की बाकीच्या दहा तिच्यावर बेतलेल्या असतात. त्यांच्यात जे मुद्दाम वेगळं दिलं तेवढंच वेगळं, उरलेलं सगळं मुळातलं.

आता त्या प्लसबद्दल. स्टाईल लावलेल्या परिच्छेदात कुणी हाताने काही बदललं, आकार थोडा कमी केला, अंतर थोडं दाबलं, की पॅनेलमध्ये स्टाईलच्या नावापुढे अधिकचं बारीक चिन्ह येतं. ताई याला ‘प्लस’ म्हणतात आणि तो त्यांना सहन होत नाही. बोलता बोलता त्यांची नजर तिथे गेली आणि प्लस दिसला, की वाक्य अर्धं राहायचं. ऑल्ट धरून नावावर क्लिक, प्लस गेला, मग पुढचं वाक्य.

यामागे काय आहे ते संपादकांचा फोन आला तेव्हा समजलं. अंक २१६ पानांवर गेला होता. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे साडेतेरा फॉर्म. संपादकांना तेरात, २०८ पानांत बसवायचा होता. कागदाचा खर्च झेपत नव्हता. आठ पानं कमी करायची, एकही लेख न गाळता. ताईंनी ओळींतलं अंतर हलवलं नाही. पानात ३६ ओळी, सतरा पॉइंटांच्या अंतराने, आणि दोन्ही रकान्यांतल्या ओळी समोरासमोर. ते मोडलं तर मागच्या पानाची छाया ओळींच्या मधून डोकावते. सॉफ्टवेअर ओळ पायथ्यापासून मोजतं, ताई मात्र शिरोरेषा बघतात. त्यांनी ‘मजकूर’ उघडली, बाराच्या जागी साडेअकरा लिहिलं आणि ओके केलं. डाव्या बाजूची पानं एकामागून एक सरकली. सात पानं वाचली; आठवं संपादकांनी दोन लेखांतले दोन परिच्छेद कमी करून वाचवलं.

फक्त एक लेख जागचा हलला नाही. हाताखालच्या मुलाने आदल्या रात्री तो पानांत बसवण्यासाठी सगळा मजकूर निवडून हाताने सव्वाअकरा केला होता. प्रत्येक परिच्छेदापुढे प्लस. आता समोरासमोरच्या पानांवर दोन वेगळ्या आकारांची अक्षरं होती. “अरे, जागा कमी पडली तर मला सांग, अक्षर कापू नकोस,” ताई त्याला म्हणाल्या. आवाज चढला नाही. त्याला शेजारी बसवून त्यांनी एकेक प्लस त्याच्याकडूनच काढून घेतला. मी त्या मुलाच्या जागी रात्री अकरा वाजता असतो तर मीही अक्षरच कापलं असतं. घाईतला सगळ्यांत जवळचा रस्ता तोच असतो, आणि म्हणूनच तो अडवणारं कुणीतरी खोलीत लागतं.

या कामाचे पैसे पानामागे मिळतात. अकरा स्टाईल बांधण्यात, त्या नमुन्याच्या पानांवर तपासण्यात जो वेळ गेला त्यातून एकही पान तयार होत नाही, म्हणून त्याचा मोबदलाही नाही. उलट जो हाताने भराभर पानं ओढतो त्याचं बिल लवकर निघतं. हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो. कारण पुढचा सगळा फायदा प्रकाशकाचा असतो. अनुक्रमणिका मथळ्याच्या स्टाईलवरून तयार होते आणि पानं सरकली तरी एकदा ‘अपडेट’ केलं की आकडे जुळतात. ई-बुक करताना त्याच स्टाईलना मथळ्याची खूण जोडता येते. ज्या वाचकाला दिसत नाही आणि जो मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अंक ऐकतो, तो या खुणेमुळेच एक कळ दाबून मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जाऊ शकतो. नुसत्या मोठ्या, ठळक अक्षरांचा त्याला काही उपयोग नाही. त्याच्या दृष्टीने तो मथळाच नव्हे.

तेव्हा संपादकांनी स्टाईल बांधण्याचं काम पानांच्या दरात न धरता त्याचे वेगळे पैसे द्यावेत, आणि अंकात चित्रकाराचं नाव जातं तसं पानं लावणाऱ्याचंही जावं. लिहिणाऱ्यांनाही सांगणं आहे. मथळा मधोमध नेण्यासाठी स्पेसबार दाबू नका. वर्डमध्ये हेडिंगची स्टाईल आहे, ती लावा. परिच्छेद संपला की एकदाच एंटर. कविता पाठवताना कडवं संपतं तिथे एक ओळ मोकळी सोडा. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर त्या ओळीआधी कंसात ‘उपमथळा’ एवढं लिहा. ताईंना तेवढं पुरतं.