नवा दम, जुने इंजिन
सुपरचार्जर बसविल्यानंतरच्या तक्रारींचे मूळ कसे शोधावे?

१९२९च्या सुमारास इंग्लंडमधील मोटारजगतात एक वाद रंगला होता. शर्यतपटू हेन्री बर्किन यांना बेंटले कंपनीच्या साडेचार लिटर गाडीचा वेग अपुरा वाटत होता आणि तिच्या इंजिनाला सुपरचार्जर जोडावा, असा त्यांचा आग्रह होता. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांचा त्याला ठाम विरोध होता. अधिक शक्ती हवी तर मोठे इंजिन बनवावे, तयार इंजिनात बळेच हवा कोंबू नये, असे त्यांचे मत. डोरोथी पॅजेट या धनाढ्य महिलेच्या पाठबळावर बर्किन यांनी आपला हट्ट पुरा केला. ‘ब्लोअर बेंटले’ ही गाडी दंतकथा बनली. १९३०च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन यांनी तिच्यासह दुसरा क्रमांकही मिळविला. परंतु त्याच वर्षी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत या गाड्या अखेरपर्यंत टिकल्या नाहीत. विजयी ठरली ती बेंटलेंचीच सुपरचार्जर नसलेली ‘स्पीड सिक्स’.

हा वाद आजही मिटलेला नाही. आता तो जुन्या स्पोर्ट्स कारच्या हौशी मालकांच्या गॅरेजमध्ये चालतो. गाडी पंचवीस-तीस वर्षांची, सुपरचार्जर नवा कोरा. जोडणी पुस्तिकेबरहुकूम झालेली असते आणि तरीही इंजिन अडखळते, तापते किंवा खडखडते. अशा वेळी सारे खापर नव्या यंत्रावर फोडले जाते. घरात नवी सून आली की आधीपासूनच्या कुरबुरींचा दोषही तिच्याच माथी मारावा, तसाच हा प्रकार. प्रत्यक्षात बहुतेक तक्रारींचे मूळ जुन्या इंजिनात असते. आजवर ते कामाचा भार हलका असल्याने लपून राहिलेले असते, इतकेच.

या विषयासाठी माझदा कंपनीची एमएक्स-५, म्हणजेच अमेरिकेतील ‘मियाटा’, हे उदाहरण सर्वांत सोयीचे. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही छोटी, उघड्या टपाची दोन आसनी गाडी प्रथम सादर झाली. २०१६मध्ये तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. पहिल्या पिढीतील १.६ लिटरचे इंजिन अमेरिकी आवृत्तीत ११६ अश्वशक्ती देत असे. गाडी चालवायला अतिशय आनंददायी, परंतु शक्ती बेताची. त्यामुळे सुपरचार्जर बसविण्याचा मोह या गाडीच्या मालकांना वर्षानुवर्षे होत आला आहे.

हवेचा हिशेब

इंजिनाची शक्ती ते किती हवा आत घेते यावर अवलंबून असते. हवा अधिक, तर तिच्यासह अधिक पेट्रोल जाळता येते. क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरणारा सुपरचार्जर ही जादा हवा पुरवितो. चार स्ट्रोकचे १.६ लिटरचे इंजिन आपल्या प्रत्येक फेरीत सुमारे ८०० घन सेंटिमीटर हवा आत घेऊ शकते. या गाडीवर बसविला जाणारा ईटन कंपनीचा ‘एम-४५’ हा सुपरचार्जर स्वतःच्या एका फेरीत ४५ घन इंच, म्हणजे सुमारे ७४० घन सेंटिमीटर हवा पुढे ढकलतो. पुलीच्या प्रमाणामुळे इंजिनाच्या एका फेरीत तो दीड वेळा फिरला, तर १,१०० घन सेंटिमीटरहून अधिक हवा येऊन पोहोचते. ८०० मावणाऱ्या जागेत १,१०० दाटीवाटीने बसतात आणि त्यातूनच दाब निर्माण होतो.

हा दाब साधारणपणे पाच-सहा पौंड असतो. टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड हवा भरणाऱ्या आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण समुद्रसपाटीला वातावरणाचा दाबच १४.७ पौंड असतो हे लक्षात घेतले, की सहा पौंड म्हणजे तब्बल चाळीस टक्क्यांची भर ठरते. शिवाय दाबलेली हवा तापते. बाहेर ३० अंश तापमान असताना अशा सुपरचार्जरमधून बाहेर पडणारी हवा ८० अंशांच्या आसपास जाऊ शकते. अधिक दाब आणि अधिक उष्णता या दोहोंमुळे सिलिंडरमधील मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपणहून भडकण्याचा धोका वाढतो. यालाच नॉकिंग म्हणतात. तीव्र नॉकिंगमुळे पिस्टनच्या रिंगांमधील पातळ कडा काही क्षणांत तुटू शकतात आणि मग संपूर्ण इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणूनच दोषाचा शोध ‘करून पाहू’ या वृत्तीने घेऊन चालत नाही.

आधी जुन्याची झाडाझडती

शोधाचा आरंभ सुपरचार्जरपासून न करता इंजिनापासून करावा. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. त्यांत मोठी तफावत असेल तर झडपा किंवा रिंगा आधीच थकलेल्या आहेत असे समजावे. ही चाचणी खरे तर सुपरचार्जर विकत घेण्यापूर्वीच व्हायला हवी.

नंतर पाहावी ती क्रँकशाफ्टची पुली. १९९० व १९९१च्या आरंभीच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढील टोक आखूड होते आणि तेथील चावीची खाच झिजण्याचा दोष त्यांत प्रसिद्ध आहे. पुलीच्या मध्यभागी चार फटी असतील तर आखूड टोकाचा आणि आठ असतील तर सुधारित लांब टोकाचा क्रँकशाफ्ट, ही ओळखण्याची खूण. खाच झिजली की पुली डगमगते, टायमिंग सरकते आणि गाडीचा जोर नकळत कमी होत जातो. सुपरचार्जरचा पट्टा नेमका याच टोकावर जादा ताण देतो.

तिसरी पाहणी रेडिएटरची. त्याची वरची प्लॅस्टिकची टाकी मुळात काळी असते. ती तपकिरी पडली असेल तर प्लॅस्टिक ठिसूळ झाले आहे, हे निश्चित. चौथी पाहणी क्रँककेसमधील वायू इनटेककडे नेणाऱ्या एकेरी झडपेची. मूळ इंजिनात या झडपेवर सदैव निर्वाताचा ओढा असतो. सुपरचार्जर आल्यावर तिला उलटा दाब रोखून धरावा लागतो. झडप जीर्ण असेल तर दाब क्रँककेसमध्ये शिरतो, सीलमधून तेल झिरपू लागते आणि तेलाची वाफ पेट्रोलच्या मिश्रणात मिसळून नॉकिंगला निमंत्रण देते. अत्यल्प किमतीच्या या सुट्या भागामुळे मोठे नुकसान झाल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

दाब कमी भरत असेल तर

एवढे झाल्यावर दाबमापकाकडे वळावे. दाब मुळातच तयार होत नसेल, तर बायपास झडप उघडी अडकली आहे का ते पाहावे. संथ चालीत सुपरचार्जरची हवा मागे फिरवून त्याचा भार कमी करणे, हे या झडपेचे काम. ती निर्वाताने उघडते व स्प्रिंगने मिटते. तिची बारीक नळी निसटली तर ती मिटलेलीच राहते. अशा वेळी दाब मिळतो, पण निवांत चालीतही सुपरचार्जर तापतो आणि गोंगाट करतो.

कमी फेऱ्यांना दाब ठीक असेल आणि फेऱ्या वाढताच तो घसरत असेल, तर पट्टा सरकत असण्याची शक्यता दाट. पुलीभोवती साचलेली काळी भुकटी हा त्याचा पुरावा. पट्टा केवळ अधिक ताणून हा प्रश्न सुटतोच असे नाही. सर्व पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत, ते आधी तपासावे.

गळतीचे वर्तन विशेष फसवे असते. हवा मोजणाऱ्या यंत्रानंतर कोठे फट असेल, तर आयडलिंगला तिच्यातून न मोजलेली हवा आत येते, मिश्रण पातळ होते आणि इंजिनाच्या फेऱ्या वरखाली होतात. दाब निर्माण होताच त्याच फटीतून मोजलेली हवा बाहेर पडते आणि मिश्रण उलट दाट होते. एकच फट दोन परस्परविरोधी लक्षणे दाखविते. सर्व नळ्यांत धूर सोडून पाहिल्यास ती चटकन सापडते.

इंधन आणि ठिणगी

१.६ लिटरच्या या इंजिनात येणारी हवा एका फडक्याच्या साहाय्याने मोजली जाते. हवेच्या झोतानुसार फडके उघडते आणि त्यावरून संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवितो. परंतु फडके एकदा पूर्ण उघडले, की त्यापुढे येणारी जादा हवा संगणकाला दिसतच नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी सुपरचार्जरबरोबर एक विशेष नियंत्रक बसविला जातो. हवेचा दाब वाढेल त्याच्या काही पटीने तो पेट्रोलचा दाब वाढवितो. या व्यवस्थेची भिस्त तीन जुन्या गोष्टींवर असते: मूळ पेट्रोल पंप, फिल्टर आणि नियंत्रकाला दाबाची वार्ता देणारी बोटभर रबरी नळी. यांपैकी एक जरी थकली, तरी ऐन भरात पेट्रोल कमी पडते.

ठिणगीचेही तसेच. स्पार्क प्लगच्या टोकांमधील मूळ अंतर सुमारे एक ते १.१ मिलिमीटर असते. दाट हवेतून तेवढी उडी मारणे ठिणगीला जड जाते आणि इंजिन ‘मिसिंग’ करू लागते. त्यामुळे अंतर ०.८ मिलिमीटरच्या आसपास आणणे, एक पायरी थंड प्रतीचे प्लग वापरणे व जुन्या प्लग-वायर बदलणे हे उपाय योजावे लागतात.

टायमिंगच्या बाबतीत पूर्वेतिहास पाहणे अगत्याचे. या गाडीचे मूळ टायमिंग १० अंश आहे. परंतु थोडा अधिक जोर मिळावा म्हणून ते १४ अंशांपर्यंत पुढे घेण्याची युक्ती हौशी मंडळींत फार पूर्वीपासून रूढ आहे. आधीच्या मालकाने ती केली असेल आणि नव्याला त्याचा पत्ता नसेल, तर सुपरचार्जर बसताच नॉकिंग ठरलेलेच. म्हणून बॉनेटखालील निदान-पेटीतील ‘टीईएन’ व ‘जीएनडी’ ही टोके जोडून, इंजिन गरम असताना टायमिंग लाइटने ते मोजलेच पाहिजे. या पिढीच्या गाडीत नॉकिंग ओळखणारा सेन्सर नाही आणि सुपरचार्जरच्या शिट्टीसारख्या आवाजात पत्र्याच्या डब्यात खडे हलविल्यासारखा तो नाद कानाला सहज चुकतो. प्लग काढून पाहिल्यावर पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे वा चकाकणारे ठिपके दिसले, तर गाडी त्याच क्षणी थांबवावी.

निदानातील चकवा

आता एक नेहमीची तक्रार पाहू. गाडी ४,५०० फेऱ्यांपर्यंत झोकात पळते आणि त्यापुढे आचके देते. मालकाने सायलेन्सरच्या नळीत वाइडबँड सेन्सर बसविलेला आहे. पूर्ण दाबाखाली एका भाग पेट्रोलामागे साधारण १२ भाग हवा असावी. सेन्सर मात्र १५ किंवा १६ दाखवितो. पेट्रोल कमी पडते, असा निष्कर्ष काढून मालक ते वाढवितो. आचके थांबण्याऐवजी वाढतात.

येथेच खरा चकवा आहे. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला प्राणवायू मोजतो. ठिणगी न पडल्यामुळे मिश्रण न जळता बाहेर आले, तर त्यातील सारा प्राणवायू सेन्सरपुढे येतो आणि मिश्रण पातळ असल्याचा खोटा निर्वाळा मिळतो. खरे-खोटे करण्यासाठी दुसरा साक्षीदार हवा. तो म्हणजे पेट्रोलचा दाबमापक. फेऱ्यांबरोबर पेट्रोलचा दाब हळूहळू खचत असेल आणि सेन्सरचा आकडाही क्रमाक्रमाने चढत असेल, तर दोष पंपाचा किंवा फिल्टरचा. पेट्रोलचा दाब स्थिर असून सेन्सरचा आकडा एकाएकी उसळत असेल, तर दोष ठिणगीचा. हवेचा दाबच घसरत असेल, तर पट्ट्याचा. पेट्रोलचा दाबमापक मात्र गाडीच्या आत कधीही आणू नये. तो काचेबाहेर, चालकाला दिसेल असा बांधावा.

ही चाचणी सार्वजनिक रस्त्यावर न करता रोलरच्या यंत्रावर करावी, हे वेगळे सांगायला नकोच. एका वेळी एकच बदल करावा आणि तारीख, बाहेरचे तापमान, दाब व आकडे वहीत टिपून ठेवावेत. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर गाडी सुधारली, तरी कशामुळे सुधारली हे कळत नाही. बिघडली तर विचारायलाच नको.

आपल्याकडे काय?

माझदाने ही गाडी भारतात अधिकृतपणे विकलेली नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मधील निकालात ही भूमिका अधोरेखित केली. परदेशातही सर्वत्र मोकळीक आहे असे नव्हे. कॅलिफोर्नियात अशा सुट्या भागांना तेथील वायुसंसाधन मंडळाची सूट लागते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी हौशींनी तेवढी खात्री आधी करून घ्यावी.

परंतु या निदानपद्धतीचा उपयोग एका गाडीपुरता नाही. आपल्या रस्त्यांवर आज सर्रास दिसणाऱ्या टर्बो पेट्रोल गाड्याही दाबलेल्या हवेवरच चालतात आणि दाब, इंधन व ठिणगी यांचा हिशेब त्यांनाही चुकत नाही. जोर कमी झाला म्हणून थेट टर्बोच बदलण्याची शिफारस झाली, तर एखादी नळी, एखादा फिल्टर, एखादा प्लग आधी पाहिला का, एवढा प्रश्न ग्राहकाने जरूर विचारावा. बेंटलेंच्या विरोधामागे जी शंका होती, ती हीच: जादा ताकद सोसण्याची मूळ इंजिनाची तयारी आहे काय? या प्रश्नाचे उत्तर सुपरचार्जरच्या खोक्यात मिळत नाही. ते जुन्या इंजिनाजवळ बसून, एकेक भाग तपासूनच मिळवावे लागते.