युक्रेनचे युद्ध आणि वेळेवर पोहोचणारी मदत

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा हा कलह दूरच्या दोन राष्ट्रांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी पुष्कळांची समजूत होती. परंतु थोड्याच आठवड्यांत सूर्यफुलाच्या तेलाचा भाव चढला. कारण भारतात बाहेरून येणाऱ्या ह्या तेलापैकी बराच मोठा भाग त्या वेळी युक्रेनमधून येत असे. रासायनिक खतांचे जागतिक दर इतके वाढले की, डी.ए.पी.ची पिशवी शेतकऱ्यास १,३५० रुपयांस मिळावी म्हणून केंद्र सरकारला एप्रिल २०२२ मध्ये दर पिशवीमागील अनुदान १,६५० रुपयांवरून २,५०१ रुपयांवर न्यावे लागले. त्यातच उन्हाच्या लाटेने आपल्याकडील गहू घटला, बाहेरचे भाव तर चढलेलेच होते. सबब १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. ज्या युद्धाचा हिशेब आपल्या खतवहीत व बाजारपट्टीत उतरतो, त्याची गती कशी ठरते हे शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

ह्या युद्धाच्या बातम्यांत एक गोष्ट वारंवार येते. अमुक राष्ट्राने युक्रेनला इतके अब्ज डॉलर मदत जाहीर केली, तमुक राष्ट्राने इतके रणगाडे देऊ केले. हे आकडे वाचून सामान्य वाचकास वाटते की, एवढी मदत मिळूनही युद्धाचा निकाल का लागत नाही? उत्तर शेतकऱ्यास समजावयास कठीण नाही. वापसा निघून गेल्यावर आलेले बी आणि कणीस भरल्यावर आलेले खत वहीत खर्ची पडते, पण पिकाच्या उपयोगी पडत नाही. युद्धातील मदतीचेही तसेच आहे. तिची एकूण रक्कम किती, यापेक्षा ती केव्हा पोहोचली आणि पुढे अखंड चालू राहिली की नाही, ह्यावर रणांगणावरील फळ अवलंबून असते.

मदतीचे प्रकार

लष्करी मदत म्हणजे रोख पैशाची थैली असे समजू नये. तिचे ढोबळ मानाने चार प्रकार आहेत. पहिला, देणाऱ्या राष्ट्राने आपल्या कोठारातील तयार शस्त्रे व दारूगोळा काढून देणे. ही मदत काही दिवसांत वा आठवड्यांत पोहोचू शकते, पण कोठार रिकामे होते. दुसरा, कारखान्यांस नवी मागणी नोंदविणे. हिला महिने, कित्येकदा वर्षे लागतात. तिसरा, पैसा किंवा कर्ज. जून २०२४ मध्ये सात प्रमुख औद्योगिक राष्ट्रांनी ५० अब्ज डॉलरच्या कर्जाचे ठरविले व त्याची फेड रशियाच्या गोठविलेल्या ठेवींच्या उत्पन्नातून व्हावी अशी योजना केली, ती ह्या सदरात मोडते. चौथा, शिक्षण व माहिती. एकट्या ब्रिटनने २०२२ पासून पन्नास हजारांहून अधिक युक्रेनी सैनिकांस शिक्षण दिले. आणि उपग्रहांनी टिपलेली शत्रूच्या हालचालींची माहिती तर तोफेइतकीच मोलाची ठरली. वर्तमानपत्रातील एकाच आकड्यात पुष्कळदा हे चारही प्रकार मिसळलेले असतात.

पहिले वर्ष

युद्धाच्या आरंभी राजधानी कीव काही दिवसांत पडेल असा अनेकांचा कयास होता. तसे झाले नाही. युक्रेनच्या काळ्या मातीस चेर्नोझेम म्हणतात. तिची उत्पत्ती आपल्या काळ्या जमिनीहून निराळी असली तरी, ओली झाली म्हणजे तीही चाकास तशीच धरून ठेवते. हिवाळा सरत असता ही माती चिखल झाली होती व रशियाच्या अवजड गाड्यांस पक्क्या रस्त्यावरूनच चालणे भाग पडले. कीवच्या उत्तरेस त्यांची रांग सुमारे ६४ किलोमीटर लांब झाली होती. अशा रस्त्यास खिळलेल्या गाड्यांवर युक्रेनी सैनिकांनी खांद्यावरून सोडावयाची रणगाडाभेदी अस्त्रे चालविली. अमेरिकेची जॅव्हलिन व ब्रिटनची एन-लॉ ही अस्त्रे स्वारी होण्यापूर्वीच युक्रेनमध्ये पोहोचलेली होती. एप्रिलच्या आरंभी रशियास उत्तरेकडून मागे हटावे लागले. पेरणीपूर्वी घरात असलेल्या बियाण्याचा हा गुण होय.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेने हायमार्स नावाचे अग्निबाण सोडणारे यंत्र दिले. सुमारे ८० किलोमीटर अंतरावर अचूक मारा करणारी ही यंत्रे आरंभी केवळ चार होती. परंतु त्यांनी रशियाची दारूगोळ्याची कोठारे व खेर्सोनजवळील नीपर नदीवरील पूल ह्यांवर नेमका घाव घातला. पुरवठा तुटल्याने ११ नोव्हेंबर २०२२ रोजी खेर्सोन शहर पुनः युक्रेनच्या हाती आले. त्यापूर्वी सप्टेंबरात ईशान्येकडील खार्कीव प्रांतातही रशियन सैन्य मागे रेटले गेले होते.

धान्याची समुद्रवाट

युद्धापूर्वी युक्रेनचे बहुतेक धान्य काळ्या समुद्रातील बंदरांतून बाहेर जात असे. रशियाच्या आरमाराने ती वाट रोखली. १४ एप्रिल २०२२ रोजी युक्रेनने स्वदेशी बनावटीच्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी ‘मॉस्कवा’ ही रशियाची प्रमुख युद्धनौका बुडविली. २२ जुलै रोजी तुर्कस्थान व संयुक्त राष्ट्रसंघ ह्यांच्या मध्यस्थीने इस्तंबूल येथे धान्यवाहतुकीचा करार झाला व त्याखाली वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लक्ष टन माल बाहेर पडला. त्यात निम्म्याहून अधिक मका होता.

१७ जुलै २०२३ रोजी रशियाने ह्या करारातून अंग काढून घेतले. तरीही वाट कायमची बंद झाली नाही, आणि इथेच रणांगण व बाजार ह्यांचा संबंध स्पष्ट दिसतो. युक्रेनकडे म्हणण्यासारखे आरमार नव्हते; पण स्फोटके भरलेल्या, माणसावाचून चालणाऱ्या नावा त्याने स्वतः बनविल्या आणि ब्रिटन व फ्रान्स ह्यांनी दिलेल्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांनी सेवास्तोपोल बंदरावर हल्ले केले. रशियास आपल्या अनेक नौका पूर्वेकडील नोव्होरोसिस्क बंदरात हलवाव्या लागल्या. ऑगस्ट २०२३ पासून रुमानिया व बल्गेरिया ह्यांच्या किनाऱ्याला धरून नवी वाट खुली झाली. बाहेरची मदत आणि स्वतःची कारागिरी ह्यांचा मेळ बसल्यावर काय घडते, ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

उशिराची मदत

आता दुसरी बाजू पाहू. जर्मनीचे लेपर्ड रणगाडे युक्रेनला द्यावयाचे की नाहीत, हा वाद २०२२ सालभर चालला आणि निर्णय जानेवारी २०२३ मध्ये झाला. त्या अवधीत रशियाने दक्षिणेकडील झापोरिझ्झिया प्रांतात खंदकांच्या एकामागून एक रांगा खणल्या आणि त्यांपुढील शेतांत दाट सुरुंग पेरले. जूनमध्ये युक्रेनने चढाई केली ती ह्या सुरुंगांतच अडकली व अझोव समुद्रापर्यंत पोहोचण्याचा हेतू सफल झाला नाही. तेच रणगाडे वर्षभर आधी आले असते तर खात्रीने जय मिळाला असता असे कोणी म्हणू नये. परंतु शत्रूस कुंपण घालावयास सवड मिळाली, हे निर्विवाद आहे.

तोफगोळ्यांची कथा ह्याहून बोधप्रद आहे. युद्धापूर्वी अमेरिकेत १५५ मिलिमीटर व्यासाचे गोळे दरमहा सुमारे १४,००० च निघत. युद्धात एवढे गोळे थोड्या दिवसांत संपत. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लक्ष गोळे देण्याचे ठरविले. मुदत भरली तेव्हा सुमारे निम्मेच पोहोचले होते. तिकडे अमेरिकेच्या अध्यक्षांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मागितलेली मदत विधिमंडळातील वादामुळे अडून राहिली. गोळे मोजून वापरण्याची पाळी आलेल्या युक्रेनी सैन्याने १७ फेब्रुवारी २०२४ रोजी अव्दिइव्का शहर सोडले. सुमारे ६१ अब्ज डॉलरच्या मदतीच्या कायद्यावर सही झाली ती २४ एप्रिल रोजी. रक्कम मोठी होती, पण गेलेले शहर तिने परत आले नाही.

मदत एकाच पक्षास मिळते असेही नाही. रशियास इराणकडून शाहेद जातीचे ड्रोन मिळाले व पुढे त्यांचा कारखाना रशियातच उभा राहिला. उत्तर कोरियाने तोफगोळे पुरविले. आणि युक्रेनने ६ ऑगस्ट २०२४ रोजी रशियाच्या कुर्स्क प्रांतात मुसंडी मारल्यानंतर काही महिन्यांनी तेथे उत्तर कोरियाचे हजारो सैनिकही लढावयास आले. २०२५ च्या वसंतापर्यंत त्या प्रांताचा बहुतेक भाग रशियाने परत घेतला.

ड्रोन आणि बदललेली लढाई

दारूगोळ्याच्या टंचाईतूनच युक्रेन ड्रोनकडे अधिक वळला. लहान, स्वस्त, कॅमेरा बसविलेला हा उडता यंत्रपक्षी चालविणारा माणूस कित्येक किलोमीटर दूर तळघरात बसलेला असतो. २०२४ साली युक्रेनने असे दहा लक्षांहून अधिक ड्रोन स्वदेशात तयार केले. रशियानेही तोच मार्ग धरला. रेडिओलहरी अडवून ड्रोन निकामी करता येतो असे दिसताच, मागे बारीक काचतंतूची तार सोडीत जाणारे ड्रोन निघाले. त्यांस लहरींचा अडथळा होत नाही. परिणामी आघाडीच्या दोन्ही बाजूंस कित्येक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात दिवसा गाडी नेणे जिवावरचे काम झाले. मोठे रणगाडे लपवून ठेवावे लागतात आणि जखमी सैनिकास मागे आणावयास रात्रीची वाट पाहावी लागते. २०२२ साली जे शस्त्र निर्णायक होते ते २०२५ साली तितकेसे उरले नाही. म्हणजे उशिरा आलेली मदत नुसती उशिराच येत नाही. ती येईपर्यंत लढाईचा ऋतूच बदललेला असतो.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने शस्त्रे व माहिती ह्या दोहोंचा पुरवठा सुमारे आठवडाभर थांबविला. त्याच वर्षी जुलैमध्ये अशी व्यवस्था ठरली की, अमेरिकेची शस्त्रे युरोपीय राष्ट्रांनी विकत घेऊन युक्रेनला द्यावी. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाने पुढील दोन वर्षांसाठी ९० अब्ज युरोचे कर्ज देण्याचे ठरविले. त्या वर्षाच्या अखेरीस युक्रेनचा सुमारे पंचमांश मुलूख रशियाच्या ताब्यात होता.

जमिनीवरील घाव

ह्या सर्व खटाटोपाचा भार शेवटी जमिनीवर पडतो. युक्रेन सरकारच्या मते एके वेळी सुमारे १,७४,००० चौरस किलोमीटर प्रदेश सुरुंगांच्या संशयाखाली होता. हा प्रदेश महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक होय. अशा शेतात नांगर घालणे म्हणजे मरणाशी गाठ. आणि सुरुंग काढण्याचे काम गुंठ्यागुंठ्याने करावे लागते. ६ जून २०२३ रोजी रशियाच्या ताब्यातील काखोव्का धरण उद्ध्वस्त झाले. त्याचा साठा सुमारे १८ अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या जायकवाडीच्या सुमारे सहा पट होता. खालची गावे बुडाली आणि वरच्या कालव्यांखालील दक्षिणेची शेती कोरडी पडली. ज्याचे ओलीत एका दिवसात गेले त्या शेतकऱ्याची स्थिती काय झाली असेल, हे आपणांस सांगावयास नको.

बातमी कशी वाचावी

सबब ह्यापुढे मदतीचा मोठा आकडा वाचनात आला म्हणजे वाचकांनी तीन प्रश्न विचारावे. ही मदत जाहीर झाली की प्रत्यक्ष पोहोचली? ती कोठारातून निघणार की कारखान्यात अजून तयार व्हावयाची आहे? आणि ती चालविणारी माणसे, सुटे भाग व दारूगोळा तिच्याबरोबर आहेत काय? ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अनुकूल असतील तरच काही महिन्यांत आघाडीवर फरक दिसण्याचा संभव असतो. काळ्या समुद्रातील वाट खुली आहे की धोक्यात, इकडेही लक्ष ठेवावे. कारण तेल व मका ह्यांच्या भावाची पहिली चाहूल तेथूनच लागते.

मराठवाड्यात एके काळी सूर्यफुलाचे पीक पुष्कळ होत असे. ते मागे पडले आणि आपण बाहेरच्या तेलावर विसंबलो. परक्याच्या कोठारावर चालणारे सैन्य व परक्याच्या बंदरावर चालणारे स्वयंपाकघर ह्यांची अडचण एकाच जातीची आहे. दोहोंसही पुरवठा थांबल्याचे तो थांबल्यावरच कळते. युक्रेनने ड्रोन घरी बनविण्यास आरंभ केला तो ह्याच अनुभवावरून. आपल्या तेलबियांचे क्षेत्र कोणत्या जमिनीत व किती वाढविता येईल, ह्याचा विचार आपल्या मंडळींनी पुढील हंगामाची आखणी करतानाच करावा, अशी सूचना करावीशी वाटते.