दोष यंत्राचा कीं हाताचा ?

यंत्र बिघडलें म्हणजे तें खोलून पाहण्याची घाई मनुष्यास होते. परंतु खोलणें सोपें, दोष कोठें आहे हें ठरविणें कठीण. ह्याविषयीं जो अनुभव आम्हांस नुकताच आला, तो आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सादर करीत आहों.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं, वडिलांच्या पश्चात्, त्यांची जुनी बुलेट मोटारसायकल कित्येक वर्षें पडून होती. ह्या जातीच्या गाड्या मद्रासेंत, म्हणजे आजच्या चेन्नईंत, १९५५ सालापासून जुळविल्या जाऊं लागल्या. हिच्या नळकांड्याचा व्यास ७० मिलिमीटर व दट्ट्याची चाल ९० मिलिमीटर असते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं घनफळ काढून पाहावें, तें सुमारें ३४६ घन सेंटिमीटर भरेल. आईचा विचार गाडी भंगारांत देण्याचा होता. मुलानें ती चालूं करण्याचा हट्ट धरला. तेव्हां सुटींत शाळेच्या पडवींत आम्ही व चार विद्यार्थी कामास लागलों.

पेट्रोलचें इंजिन चालण्यास तीन गोष्टी अवश्य असतात : वेळेवर पडणारी ठिणगी, हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, आणि त्या मिश्रणावर पडणारा दाब. ह्यांतील एक जरी उणी पडली तरी बाकीच्या दोन व्यर्थ. प्रथम आम्हीं प्लग काढून, त्याच्या भोकापासून व पेट्रोलपासून दूर, इंजिनाच्या धातूस टेकविला आणि किक मारली. ठिणगी फिकट व पिवळसर पडली. पॉइंट काळवंडले होते. ते साफ करून त्यांतील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवितांच ठिणगी निळी व सतेज झाली. पुढें कार्बुरेटर उघडला, तों जुनें पेट्रोल आटून त्याच्या जेटांत डिंकासारखें बसलेलें. जेट तारेनें कधींहि टोंचूं नये, भोंक मोठें होतें. आम्हीं तें धुवून हवेनें फुंकलें.

आतां क्लचाकडे वळलों. क्लच म्हणजे एकमेकींवर दाबून बसविलेल्या प्लेटींची चवड. स्प्रिंगांच्या जोरानें त्या एकत्र फिरतात व इंजिनाची शक्ति चाकाकडे नेतात. मुठीजवळील दांडा ओढला म्हणजे सुट्या होतात. ह्या गाडींत किकचा जोरहि गिअरपेटींतून व क्लचांतूनच इंजिनास पोंचतो. म्हणून दांडा ओढून किक मारली असतां इंजिन फिरूं नये. आमचें फिरलें ! प्लेटी एकमेकींस चिकटल्या होत्या. केबल सैल असेल अशा समजुतीनें आम्हीं ती पुष्कळ ताणली. गुण आला नाहीं. मग प्लेटी काढून रॉकेलनें धुतल्या, सपाट आहेत कीं नाहींत हें कांचेवर ठेवून पाहिलें, व पुन्हां बसविल्या. क्लच सुटा झाला.

तरीहि इंजिन सुरू होईना. एका अनुभवी मिस्त्रींस बोलाविलें. त्यांनीं पाय ठेवितांच किक अल्लद खालीं गेली. दाब राहिलेला नाहीं, दट्ट्या व त्याच्या कड्या बदलाव्या लागतील, असा त्यांनीं अभिप्राय दिला. दाब नसल्यास किक हलकी होते, हें खरेंच आहे. दुसऱ्या दिवशीं मुलाच्या आईनें शिवणकामांतून शिल्लक टाकलेले पैसे आणून आमच्यापुढें ठेविले. ते पाहून, खर्चापूर्वीं आणखी एक परीक्षा करणें आपलें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटलें.

प्लगाच्या भोकांतून चमचाभर तेल ओतिलें. कड्या झिजल्या असत्या तर तेलानें फट भरून किक कांहींशी जड झाली असती. ती तशीच हलकी राहिली. तेव्हां त्या मुलानें विचारलें, “सर, किक खालीं जाते, पण इंजिन फिरतें का ?”

प्रश्न साधा, पण आम्हांस सुचला नव्हता. प्लग बसविला, स्विच बंद ठेविला, पॉइंटांवरील झाकण काढलें, व किक हातानें हळूहळू दाबली. पॉइंट उघडणारा कॅम थोडा फिरून थांबला. किक मात्र खालीं जातच राहिली. दाब नाहींसा झालेला नव्हता; उलट तो इतका चांगला होता कीं त्याच्यापुढें क्लच घसरत होता. आणि तो घसरत होता तो आम्हींच ताणून ठेविलेल्या केबलमुळें ! प्लेटी मोकळ्या केल्यावर ती पूर्ववत् सैल करण्याचें आम्ही विसरलों होतों. दांड्यास दोन-तीन मिलिमीटर ढिलाई दिली. पुढच्याच किकेस पाय अडला, आणि थोड्याच प्रयत्नांत इंजिन धडधडूं लागलें. आईचे पैसे परत गेले. मिस्त्रींनीं स्वतः येऊन पाहिलें व मुलाची पाठ थोपटली.

वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. इंजिनाचा वेग वाढूनहि गाडीचा वाढत नसेल तर क्लच घसरतो : केबल ताणलेली, स्प्रिंगा दुबळ्या किंवा प्लेटी झिजलेल्या असाव्यात. दांडा ओढूनहि गाडी पुढें ओढत असेल व गिअर कुरकुरत असतील तर क्लच सुटत नाहीं : केबल सैल, अथवा प्लेटी वांकड्या वा चिकटलेल्या असाव्यात.

एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत टिपावा, व गुण न आल्यास तो मागें घ्यावा. आम्हीं हें केलें नाहीं, आणि आमच्या चुकीचा भुर्दंड एका विधवा मातेवर पडणार होता. तो टळला, तो एका विद्यार्थ्यानें वेळीं प्रश्न विचारल्यामुळें. पालकहो, घरांत मुलें असे प्रश्न विचारतील तेव्हां त्यांस गप्प बसवूं नका.